दया की देणं?

मंडळी, वसुबारस दर वर्षी येते, पण टूनगॅबीत सवत्स धेनू कुठून आणायची? म्हणून आपल्यापैकी बहुतेकांकडे रांगोळीत गाय-वासरू काढून किंवा पितळी मूर्तीला हळदकुंकू वाहून पूजा उरकते. गाय वासरासकट पूजायची, हे या दिवसाचं मर्म. उरलेले दिवस आपण जिचं दूध पितो, तिचं वासरू कुठे असतं, हा प्रश्न मात्र सहसा कोणाला पडत नाही.

आपल्या या परिसराला गुरं काही नवी नाहीत. १७९१-९२ च्या सुमारास टूनगॅबीत कैद्यांच्या श्रमांवर सरकारी शेत उभं राहिलं. पहिल्या आरमाराबरोबर आलेली मूठभर गुरं १७८८ मध्ये रानात पळाली होती. ती १७९५ मध्ये आजच्या कॅम्डनच्या बाजूला सापडली, तेव्हा त्यांचा साठेक गुरांचा कळप झाला होता. ती वासरं माणसाने वाढवली नव्हती. आई जवळ होती, बाटलीची गरज नव्हती.

आजच्या डेअरीत वासरू बहुधा पहिल्याच दिवशी आईपासून वेगळं करतात. मागे एकदा शाळेच्या सुटीत आम्ही बेगा खोऱ्यातल्या एका डेअरीवर मुक्कामाला होतो. तिथे आठवड्याभराचा एक गोऱ्हा हगवणीने आडवा झाला होता. डोळे खोल गेलेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. मालकीणबाई दुधाच्या दोन वेळांच्या मध्ये त्याला कोमट पाण्यात क्षार आणि ग्लुकोज घालून बाटलीने पाजत होत्या. ही तर आपली जलसंजीवनी! १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांना दिली, तेच तत्त्व. वासराला मारते ती बहुतेक वेळा हगवणीतून होणारी पाण्याची तूट. बाटली आईच्या कासेच्या उंचीवर धरायची, म्हणजे वासरू मान ताणून चोखतं आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरतं, हेही त्यांनीच दाखवलं.

आयटीवाल्याच्या सवयीने मी हिशेब विचारला. डेअरीच्या गोऱ्ह्याला भाव जवळजवळ नसतो. डॉक्टरची फी त्याहून जास्त. या देशात असे अनेक गोऱ्हे पाच दिवसांचे झाले की कत्तलखान्यात जातात, आणि कायद्याला ते मान्य आहे. मग एवढा खटाटोप कशासाठी? बाई म्हणाल्या, "तो हिशेब नंतर. आत्ता त्याला तहान लागली आहे."

हे ऐकून आपण पटकन "केवढी ही भूतदया!" म्हणतो. मला मात्र दया हा शब्द इथे अपुरा वाटतो. दया म्हणजे देणाऱ्याची मर्जी; केली तर पुण्य, नाही केली तर कोणी जाब विचारत नाही. इथे तर आईचं दूध आपण घेतलं, म्हणून बाटली आली. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्यं जवळजवळ नसतात. ती पहिल्या काही तासांत पोटात गेलेल्या चिकातूनच मिळतात. आपण ज्याचा खरवस करून मिटक्या मारतो, तोच चीक. ज्याचं घेतलं त्याची शुश्रूषा करणं याला उपकार कसं म्हणायचं? हे तर देणं.

कोणी म्हणेल, शेवटी मारायचंच तर आधी जगवण्याचं ढोंग कशाला? शेवट चुकीचा असेल तर त्यावर जरूर भांडावं. पण आयुष्य आखूड आहे म्हणून त्यातली तहान खोटी ठरत नाही. उलट बाजूही पाहा. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. तरी नको असलेला गोऱ्हा अर्धपोटी ठेवला जातो किंवा मोकाट सोडला जातो, हे गावाकडे अनेकांनी पाहिलं असेल. कापलं नाही म्हणजे पाळलं, असं होत नाही. तिथला शेतकरी तरी काय करणार? ट्रॅक्टर आला, बैलाचं काम गेलं, आणि गोऱ्ह्याच्या वैरणीचा खर्च एकट्या त्याच्या माथी आला.

म्हणजे प्रश्न फिरून आपल्यापाशीच येतो. २०११ मध्ये इथल्या मोठ्या सुपरमार्केटांनी दूध एक डॉलर लिटरवर आणलं आणि ते २०१९ पर्यंत तसंच ठेवलं. आपण खूश होऊन ट्रॉलीत दोन-दोन कॅन टाकले. दूध इतकं स्वस्त मिळतं, तेव्हा राहिलेली किंमत कोणीतरी भरत असतं: कधी शेतकरी, कधी गोठ्याच्या कोपऱ्यातलं आजारी वासरू.

सगळ्यांनी चहा काळा प्यावा, असं माझं म्हणणं नाही. मीही पीत नाही. पण जी डेअरी वासरं जास्त दिवस सांभाळते, आजारी पडलं तर औषधपाणी करते, तिच्या दुधाला चार पैसे जास्त द्यावे लागले तर ती देणगी समजू नये. आपलंच बिल आहे ते, उशिरा आलेलं.