साधनाचे वर्णन आणि वर्णनकाराचे दायित्व

दुसऱ्याकडून काम करवून घेताना आज्ञा कितपत स्पष्ट असावी, हा प्रश्न आपण बहुधा व्यवहाराचा, फार तर शिष्टाचाराचा मानतो. नीतीचा मानीत नाही. याचे कारण आज्ञा ऐकणारा आजवर मनुष्य होता. घरच्या गड्यास "पाटी पुसून टाक" म्हटले आणि पाटीवर औषधांच्या वेळा लिहिलेल्या असल्या, तर तो थबकतो व विचारतो, "हेही पुसू का?" मालकाच्या अर्धवट बोलण्याची भरपाई गड्याचे तारतम्य करीत असे, आणि तिचे श्रेय मालक आपल्या स्पष्टवक्तेपणास देत असे.

कृत्रिम बुद्धीच्या एजंटांनी ही सोय मोडली आहे. भिंतीवर टांगावयाचे, कागदासारखे दिसणारे पडदे हल्ली मिळतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने अकोल्याच्या जुन्या शहरातील वडिलोपार्जित घरी असा एक पडदा लावला आहे. तो स्वतः पुण्यास असतो. आईवडील मोर्णेकाठचे घर सोडावयास तयार नाहीत. औषधांच्या वेळा, नळाचा दिवस, श्रावणातील कावडीचा सोमवार, हे सारे तो एजंटास सांगतो आणि एजंट ते पडद्यावर उमटवितो. परंतु एजंटास हात नाहीत. प्रोग्राम लिहिणारा त्यास काही साधने देतो. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या संकेतात साधनाचे नाव, त्याचे वर्णन व त्यास कोणती माहिती पुरवावयाची याचा तक्ता, असा क्रम ठरलेला आहे. साधनाच्या पोटातील यंत्रणा एजंटास सहसा दिसत नाही. वर्णन वाचूनच तो निर्णय करतो.

आता "पडद्यावर मजकूर दाखविते" एवढेच वर्णन घ्या. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, असत्यही नाही. पण नवा मजकूर येताच जुना पुसला जातो, हे त्यात कोठे आहे? मुलाने नळाची वार्ता पाठविली की औषधांच्या वेळा गेल्या. एजंटास विचारता येत नाही असे नव्हे. परंतु शंका यावयास तिचे निमित्त दिसावे लागते, आणि वर्णनकाराने नेमके तेच झाकलेले असते. विद्यार्थ्याने हे वर्णन आईस वाचून दाखविले, तेव्हा तिने पहिल्याच वाक्यावर विचारले, "अन् मागचं लिहेलं कुठी जाते?" इतका नेमका आक्षेप आम्हांस एखाद्या विद्वत्सभेतही क्वचितच ऐकावयास मिळाला आहे.

दुसरी गोष्ट काळाची. या पडद्यावरील अक्षरे वीज गेली तरी तशीच राहतात. म्हणजे "उद्या नळ येईल" हे आज खरे असलेले वाक्य उद्या, कोणी न बदलता, खोटे होते. आणि आपला 'परवा' तर दोन्ही दिशांना तोंड असलेला शब्द. ज्या आळीत नळ रोज येत नाही तेथे सत्तरीची बाई पहाटे उठून कोरड्या नळाखाली घागर लावते, ती या एका शब्दापायी. "वार व तारीख लिहावी, आज, उद्या, परवा लिहू नये" हे वाक्य म्हणूनच वर्णनात हवे. तीच गत "चाळीस अक्षरांपर्यंत" या मर्यादेची. जुन्या शहराचे दैवत 'राजराजेश्वर' आमच्या हिशेबी सहा अक्षरांचे. संगणक काना, मात्रा व हलन्त निराळे मोजून अकरा म्हणतो. कोणाचे अक्षर, हे न सांगणारी मर्यादा ही मर्यादाच नव्हे.

वऱ्हाडास ही अडचण नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. चक्रधरस्वामींच्या वचनांचा सूत्रपाठ केसोबासांनी सिद्ध केला. सूत्रे पाठ करावयास सोयीची, पण प्रसंगापासून सुटलेली. वचन कोणास उद्देशून व कोणत्या वेळी निघाले हे कळल्याशिवाय अर्थ लागेना, म्हणून पंथात ते प्रसंग सांगणारा 'प्रकरणवश' निर्माण झाला. ज्यांची वचनावर पूर्ण श्रद्धा होती त्यांनाही प्रकरण सांगावे लागले. एजंटास ते नको, असे कोणत्या आधारावर म्हणावे?

कोणी म्हणेल, एजंट दिवसेंदिवस शहाणे होत आहेत, मग हा खटाटोप कशाला? पाहुणा काशीचा दशग्रंथी असला तरी आमच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा कोणता, हे त्यास सांगावेच लागते. ते त्याच्या विद्वत्तेचे उणे नव्हे. घर आमचे आहे, एवढेच. अर्थात पाच पाने भरून वर्णन लिहिणाराही कामाचा नाही. त्या पसाऱ्यात कामाचे वाक्य हरवते.

अस्पष्टतेहून वाईट ते असत्य. वर्णनातच छुप्या आज्ञा पेरून एजंटास भलतीकडे वळविता येते, हे संगणक-सुरक्षेच्या संशोधकांनी 2025 मध्ये दाखवून दिले. एकदा मान्य झालेले वर्णन मागाहून गुपचूप बदलताही येते. मोर्णेकाठच्या त्या वृद्ध दांपत्यास हे वर्णन कधी दिसत नाही. त्यांस दिसते ती भिंत, आणि भिंतीवरील अक्षरांवर त्यांचा विश्वास मुलाच्या पत्रावर असावा तसा आहे. निदान वर्णन बदलले की घरच्या माणसास ते मराठीत दाखवून त्याची संमती घ्यावी, इतकी मागणी करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.