पाकिटावरची प्रत आणि नाण्याचा कस

शास्त्रवाचन : २ करिंथ १०:१२-१८, रोम १६:१०



माझ्या वडिलांच्या पेटीत व्हिक्टोरिया राणीचा एक तोळा वजनाचा चांदीचा रुपया होता. तो पार काळवंडलेला होता. शाळकरी वयात, एका नाताळाच्या आदल्या दिवशी, मी तो रांगोळीने घासून लख्ख केला आणि घरच्यांकडून शाबासकी मिळवली. पुष्कळ वर्षांनी नाण्यांचा संग्रह करणाऱ्या एका स्नेह्यांनी तो भिंगाखाली धरला आणि हळहळून म्हटले, "झीज चालली असती हो, ही घासाघीस नडली."

मग त्यांनी मला नाणे पाहावयास शिकविले. टांकसाळीत ठसा दाबला जातो तेव्हा चांदी कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे प्रकाशात तिरपे फिरविले की त्या रेषांवरून तेज चाकाच्या आऱ्यांसारखे फिरते. हे अस्सल तेज होय. नाणे हातोहात फिरले की उंचवट्याचे भाग प्रथम झिजतात : राणीचा गाल, कानावरचे केस, वस्त्रावरील नक्षी. ही झीज प्रामाणिक असते. परंतु घासलेल्या नाण्यावरील मूळ रेषाच पुसल्या जातात. उरतो तो नुसता झगझगाट आणि एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. अजाण माणसाला तेच नाणे नवेकोरे वाटते.

विक्रेता पाकिटावर 'उत्तम' किंवा 'न वापरलेले' असे लिहितो; पण लिहिणारा तोच आणि विकणाराही तोच! १९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने जुन्या अमेरिकन सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी बसविली. पुढे ती सर्व प्रकारच्या नाण्यांना लागू झाली. १९८६ पासून त्रयस्थ संस्था नाण्याला गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या डबीत मोहोरबंद करू लागल्या. तरीही तेच नाणे पुन्हा पाठविले तर कधी कधी निराळे गुण मिळतात. आणि खुद्द शेल्डन? न्यूयॉर्क येथील अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील चांगली नाणी उचलून त्यांच्या जागी त्याने आपली हलक्या प्रतीची नाणी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. मोजपट्टी सत्तर गुणांची. मोजणारा मात्र कसास उतरला नाही.

वाचकहो, भाषांतराचे काम करताना 'दोकिमोस' या ग्रीक शब्दापाशी मी अनेकदा थांबलो आहे. आपण त्याचा अर्थ 'पसंतीस उतरलेला' असा करतो. परंतु 'पसंत' म्हटले की आपल्या मनात आवडनिवड येते. दोकिमोस हा शब्द मात्र पारखीच्या पेढीवरचा आहे : वाजवून, तोलून खरा ठरलेला. अब्राहामाने सारेच्या कबरेसाठी जी चांदी तोलून दिली, तिला जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे (उत्पत्ती २३:१६). यिर्मयाने ज्या चांदीला टाकाऊ ठरविले, तेथे त्याच शब्दकुळातील नाकारण्याच्या अर्थाचे रूप येते (यिर्मया ६:३०).

करिंथ येथील मंडळीत शिफारसपत्रे घेऊन काही उपदेशक आले होते. ते स्वतःला स्वतःच्याच मापाने मोजत. पाकीट त्यांचे आणि त्यावरची अक्षरेही त्यांचीच. पौल त्यांना काय दाखवितो? पाच वेळा खाल्लेले एकोणचाळीस फटके, तीनदा फुटलेले गलबत, भूक, थंडी. ही सारी झीज आहे! तो ती घासून काढीत नाही. मनुष्य स्वतःची वाखाणणी करून दोकिमोस ठरत नाही. प्रभू ज्याची वाखाणणी करतो तोच ठरतो, एवढेच तो सांगतो.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. एका नेमणूक समितीवर असताना माझ्यापुढे दोन अर्ज आले. एकाची प्रशस्तिपत्रे झळझळीत होती. दुसरा अर्ज एका वयस्क प्रचारकाचा होता, आणि त्यावर वरिष्ठांचा एकच शब्द होता : 'सामान्य'. मी त्याच्या गावी गेलो नाही. कागद वाचून हात वर केला. पुढे एका मसुद्याचे वाचन लोकांना समजते की नाही हे पाहण्यासाठी त्याच गावी जाण्याचा योग आला. एक वृद्ध बाई म्हणाल्या, "माझे मालक अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तीन महिने रोज संध्याकाळी येऊन त्यांना वचन वाचून दाखवायचे ते तेच." तोवर तो प्रचारक प्रभूजवळ गेला होता. मी पाकीट वाचले होते. नाणे पाहिलेच नव्हते.

याचा अर्थ पारख करूच नये असा नव्हे. खोटे नाणे झिजले म्हणून खरे होत नाही. सर्व गोष्टी पारखून घ्या, असे पौल आपल्याला बजावतो (१ थेस्सल. ५:२१). मात्र तेच भिंग आधी स्वतःवर धरा, असेही तो सांगतो (२ करिंथ १३:५). रविवारच्या उपासनेत जे तेज आपल्या मुखावर दिसते, ते टांकसाळीचे आहे की रांगोळीचे?

आपण घासून घासून आपली मूळ खूण पुसून बसलो असू तरी निराश होऊ नये. नाणेपारखी पुसलेली रेषा पुन्हा उमटवू शकत नाही. आपला प्रभू केवळ पारखी नाही. तो चांदी गाळून शुद्ध करणाराही आहे (मलाखी ३:३), आणि आपल्या पुत्राचे प्रतिरूप तो आपल्यावर नव्याने उमटवितो.

रोमकरांस पत्राच्या शेवटी अपिल्लेस नावाच्या एका बंधूला सलाम आहे. त्याच्याविषयी शास्त्र एवढेच सांगते की, तो ख्रिस्तामध्ये 'दोकिमोस' होता. त्याचे गाव, काम, पदवी यांतले काहीच नोंदलेले नाही. तो प्रचारकही त्याच ओळीत उभा असेल, असे मला वाटते.

हे प्रभो, आमच्या पाकिटावर लोकांनी काय लिहिले आहे याची आमची चिंता दूर कर. आम्ही इतरांवर घाईने लिहिलेल्या शब्दांची आम्हांस क्षमा कर. आणि तुझ्या हाती तू आम्हांस पारखशील, तेव्हा आमचा नाद खणखणीत निघो. आमेन.