वरचे दूध

मराठीत आईच्या दुधाला ‘अंगावरचे’ म्हणतात. बाकी सगळे, मग ते गाईचे असो, शेळीचे असो की डब्यातल्या पावडरीचे, ‘वरचे’. हिंदीतही ‘ऊपर का दूध’ आहेच. वरचे म्हणजे वरकमाईतले वर, जरा संशयास्पद. हा शब्द लहानपणापासून ऐकत आले होते, पण तो बोचला बारा वर्षांपूर्वी. मुलगी महिनाभर आधी जन्मली, मला दूध पुरेसे येईना, तिचे वजन उतरू लागले. डॉक्टरांनी सांगितल्यावर डबा आणला आणि वाटी-चमच्याने पाजायला सुरुवात केली. शेजारच्या काकू प्रेमाने भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, लगेच वरचं सुरू केलंस?”

रात्री बसल्या बसल्या मी डबा वाचत असे. अनुवादकाला हाती येईल ते वाचायची खोड असते. वर ठळक अक्षरांत लिहिलेले : आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम. १९९२च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. कायदा म्हणतो, हे वाक्य ‘कॅपिटल’ अक्षरांत हवे. देवनागरीत ती सोयच नाही, म्हणून ठशाच्या जाडीवर भागवावे लागते. डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र चालत नाही. ‘ह्यूमनाइज्ड’, ‘मॅटर्नलाइज्ड’ अशी विशेषणेही चालत नाहीत. विशेषणाने माणूस किती फसतो हे जाणणारा कायदा मला आवडतो. तरीही रात्री तीन वाजता ते ठळक वाक्य कंपनीला उद्देशून आहे असे वाटत नसे. डबा हातात धरलेली मीच तेवढी तिथे होते.

या कायद्यामागच्या इतिहासात अनुवादाचे एक प्रकरण आहे. १९७४ साली लंडनच्या ‘वॉर ऑन वॉन्ट’ संस्थेने माइक मुलर यांची ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. गरीब देशांत परिचारिकेच्या वेषातल्या विक्रेत्या पावडर खपवत होत्या. घरी पाणी धड नसे, डबा परवडत नसे, म्हणून तो पुरवून पुरवून, पातळ करून पाजला जाई आणि मुले दगावत. बर्नमधल्या एका गटाने ही पुस्तिका जर्मनमध्ये आणली आणि मथळा बदलला : ‘नेस्ले बाळांना मारते’. कंपनीने बदनामीचा खटला भरला. १९७६ साली न्यायालयाने तो मथळा बदनामीकारक ठरवला आणि गटातल्या लोकांना प्रत्येकी तीनशे फ्रँकचा दंड केला. त्याच वेळी कंपनीलाही जाहिरातीच्या पद्धतीचा फेरविचार करायला सांगितले.

वर्गात शिकवायचे झाले, तर हा अनुवादकाचा दोषच. मुळात नसलेला कर्ता त्याने घुसवला. मीही बरीच वर्षे तसेच मानत होते. पण कर्त्याची जागा मोकळी सोडली म्हणून ती मोकळी राहत नाही. जवळ जे कोणी असेल ते तिथे बसवले जाते, आणि सगळ्यात जवळ असते ती चमचा धरलेली बाई.

चार वर्षांपूर्वी नव्या मातांसाठीच्या एका पत्रकाचा अनुवाद माझ्याकडे आला. त्यात ‘बाळासाठी योग्य दूध निवडा’ या अर्थाचे वाक्य होते. मराठी सरळ होत होते, तरी हात अडला. तांदूळ निवडायचे तर आधी सुपात तांदूळ लागतात. २०१७च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली ती नोंदलेल्या नोकरीतल्या बाईला. उसाच्या फडात कोयता घेऊन उभी असलेली बाई बाळाला बांधावर ठेवून काय निवडणार? वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य आहार म्हणून गाईचे दूध देऊ नये. त्यात लोह कमी असते आणि कोवळ्या मूत्रपिंडांवर भार पडतो. हे तिला कोणी सांगितले, तरी सांगणारा संध्याकाळी निघून जातो.

मग वाक्य सौम्य करावे का? ‘जे जमेल ते पाजा’? तेही खोटेच. पहिले सहा महिने शक्य तिथे फक्त आईचे दूध, यात शंका नाही, आणि ‘जमेल ते’ म्हटले की विक्रेत्याला आयते दार उघडे. मला लागलेले वाक्य खरे होते. फक्त ते चुकीच्या माणसाकडे तोंड करून उभे होते.

या गुंत्यात मला मुंबईचे शीव रुग्णालय आठवते. तिथे १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. कोणा बाईचे जास्तीचे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचे आणि कोणा दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला द्यायचे. त्या बाळासाठी ते वरचे की अंगावरचे? आपल्या शब्दांना याचे उत्तर देता येत नाही, याचे मला जरा बरेच वाटते.

पत्रकात मी कर्ता बदलला : ‘बाळाला आईचे दूध मिळावे म्हणून घरच्यांनी आणि मालकाने तिला वेळ द्यावा, ते शक्य नसेल तर आरोग्य कर्मचाऱ्याला विचारावे.’ उत्तर आले : मुळाशी प्रामाणिक राहा. ‘निवडा’ असेच छापले गेले. मानधन मी घेतले.