एकांकिका आणि प्रेक्षकाची टाळी

दुसऱ्याचे दुःख रंगभूमीवर पाहून आपणांस सुख का व्हावे, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्रकारांनी फार पूर्वी उपस्थित केला आणि आपल्या परीने सोडविलाही. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. अभिनवगुप्ताने ती शोधून घेऊन असे प्रतिपादिले की, रंगभूमीवरील शोक हा या किंवा त्या व्यक्तीचा राहतच नाही. प्रेक्षकाच्या 'मी-माझे'पणाचे बंध तेवढ्यापुरते सैल होतात, आणि म्हणून त्या शोकाचा आस्वादही त्याला आनंदरूप वाटतो. सुमारे हजार वर्षे लोटली तरी या उत्तराचे तेज कमी झालेले नाही. परंतु अलीकडील काही लघुनाटके वाचताना व पाहताना मला राहून राहून असे वाटते की, या उत्तरात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे काळ. मनाचे बंध सैल व्हावयास अवकाश लागतो, आणि ते सैल झाल्यावर शोक निवावयासही अवकाश लागतो.

शाकुंतलाचेच उदाहरण घ्या. पाचव्या अंकात भरल्या दरबारी राजा आपल्या गर्भवती पत्नीला ओळख देत नाही. ती रडत बाहेर जाते आणि एक दिव्य ज्योती तिला उचलून नेते. कालिदासाने येथेच लेखणी खाली ठेविली असती तर? सहाव्या अंकातील राजाचा पश्चात्ताप नाही, सातव्यातील सिंहशावकाशी खेळणारा बालक नाही, क्षमा नाही, पुनर्मीलन नाही. आपण प्रेक्षागृहातून बाहेर पडलो असतो ते एका निरपराध स्त्रीचा भर सभेत झालेला अपमान तसाच पदरी घेऊन. आजची एकांकिका म्हणजे पुष्कळदा असा सुटा पाचवा अंक असतो.

एकांकी रचना आपणांस नवी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. भरताने सांगितलेल्या दशरूपकांत भाण, प्रहसन, व्यायोग, वीथी, अंक अशी एकांकी रूपे आहेतच. पण भासाचे 'ऊरुभंग' पाहावे. मांड्या मोडून धुळीत पडलेला दुर्योधन खवळलेल्या बलरामाला आणि अश्वत्थाम्याला शांत करू पाहतो, पांडवांची सेवा करण्याचा उपदेश आपल्या मुलाला करतो आणि समाधानाने प्राण सोडतो. एका अंकातही वैराचा हिशेब पुरा होतो. आधुनिक एकांकिकाकार हिशेब पुरा करीत नाही. तो वही उघडी ठेवून निघून जातो.

महेश एलकुंचवार यांची 'होळी' ही एकांकिका अनेकांच्या परिचयाची आहे. केतन मेहता यांनी १९८४ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही काढला. होळीच्या सणाला सुटी मिळाली नाही म्हणून बिथरलेली महाविद्यालयातील मुले, त्यांची शिवराळ पण विलक्षण जिवंत भाषा, चालकांची आणि अध्यापकांची त्यांनी चालविलेली टवाळी, त्यांच्यातल्याच एका दुबळ्या मुलाने सांगितलेली नावे, सगळ्यांनी मिळून केलेली त्याची विटंबना आणि अखेर त्या मुलाचा आत्मनाश, एवढेच तिचे कथानक. नायक नाही, खलनायकही नाही. जी मुले त्याचा बळी घेतात त्यांच्यातील एकही मुलगा एकटा असता तर हे करण्यास धजला नसता. आणि ज्यांच्यावर राग धरावा ते थोर पदस्थ तर सुखरूपच असतात.

या एकांकिकेचे खरे सामर्थ्य तिच्या शेवटात नाही, पूर्वार्धात आहे. पूर्वार्धात प्रेक्षक हसतो. त्याने हसावे अशीच योजना आहे. मुलांची थट्टा खरोखरच झणझणीत असते, ज्यांची थट्टा होते ते थट्टेस पात्रही असतात, आणि आपल्याच तारुण्यातील वसतिगृह आठवून पोक्त माणसेही मान डोलावू लागतात. मग तीच थट्टा, तेच आवाज, तोच ताल त्या एका मुलाकडे वळतो. कोणत्या वाक्याला विनोद संपला आणि क्रौर्य सुरू झाले हे बोट ठेवून दाखविता येत नाही. नेमके त्या जागी प्रेक्षागृहातील हसूही एकदम थांबत नाही. ते थोडे पुढे घरंगळत जाते.

वर्गात या एकांकिकेचे वाचन झाल्यावर एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ज्यांच्याबरोबर आम्ही अर्धा तास हसलो त्यांनीच त्याला मारले. मग आम्ही कोण?" दुसऱ्याने त्याला तत्काळ उत्तर दिले, "अरे, नाटक आहे ते!" दोघेही प्रामाणिक होते. आणि खरे सांगावयाचे तर, प्रश्न विचारणाऱ्याइतकेच उत्तर देणाऱ्याचेही मला कौतुक वाटले. कारण रंगभूमी आणि रस्ता यांतील फरक ज्याला कळत नाही त्याने नाटक पाहूच नये. तथापि दुसऱ्याच्या उत्तराने पहिल्याचा प्रश्न संपत नाही. मेलेला मुलगा नाटकातला होता. हसू मात्र खरे होते.

तर मग ते हसणे अपराध होता काय? तसे म्हणण्यास मी तयार नाही. जो प्रेक्षक पहिल्यापासूनच नैतिक सावधगिरीने ओठ मिटून बसला, त्याला त्या एकांकिकेने काहीच दिले नाही, असे माझे मत आहे. तो जसा आला तसाच निर्मळ परत गेला. समुदायात शिरलेला माणूस कसा वाहवतो हे पुस्तकात वाचून कळते, पण आपण स्वतः कसे वाहवतो हे त्या हसण्यावाचून कळण्याचा मार्ग नाही. हसू हे येथे कलेने घेतलेले कबुलीपत्र आहे. म्हणून दोष हसण्यात नसून, त्या कबुलीपत्रावर टाळीचा शिक्का मारून ते फाडून टाकण्यात आहे. "काय प्रयोग झाला हो!" असे म्हणून आपण उठतो, आणि प्रशंसेच्या त्या एका उद्गारात आपल्या साक्षीचे रूपांतर परीक्षणात करून मोकळे होतो.

टाळीवरच एक लघुनाटक लिहिले गेले आहे, आणि ते चांगले आहे. सॅम्युएल बेकेट याचे 'कॅटॅस्ट्रॉफी' १९८२ साली फ्रान्समधील आव्हिन्याँच्या नाट्योत्सवात झाले. व्हात्स्लाव्ह हावेल हा चेक नाटककार तेव्हा तुरुंगात होता. नाटक त्याला अर्पण केलेले आहे. एक दिग्दर्शक आणि त्याची सहायिका चौथऱ्यावर उभ्या केलेल्या एका मुक्या माणसाला हवा तसा नटवीत असतात: हात असे, डोके खाली, कातडी आणखी पांढरी. दुःखाचे चित्र त्यांच्या मनासारखे जमले की ध्वनिमुद्रित टाळ्यांचा कडकडाट होतो. तेवढ्यात तो माणूस मान वर करून समोर पाहतो. टाळ्या अडखळतात, विरतात. मग अंधार. यानंतर खऱ्या प्रेक्षकांनी काय करावे? टाळ्या वाजवाव्यात तर नुकत्याच ऐकलेल्या टाळ्यांत आपली भर पडते. न वाजवाव्यात तर नटाचे श्रम अनादृत राहतात. बेकेटने ही पंचाईत केवळ चातुर्य म्हणून निर्माण केलेली नाही. दुःखाची मांडणी पाहून संतुष्ट होणाऱ्या आपल्या रसिकतेलाच त्याने चौथऱ्यावर उभे केले आहे.

हावेल १९८३ साली सुटला आणि त्याने उत्तरादाखल 'चूक' या अर्थाच्या नावाचे एक छोटे नाटक लिहिले. त्यात तुरुंगाधिकारी दिसत नाहीत. कोठडीतले जुने कैदीच नव्या कैद्याला आपले नियम ऐकवितात, आणि तो बोलत नाही म्हणून त्याच्यावर उलटतात. ज्याने प्रत्यक्ष तुरुंग भोगला त्याने जुलमी सत्तेविरुद्ध गर्जना न करता कैद्यांतल्या जुलमाकडे बोट दाखवावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. 'होळी'तली मुलेही अशीच कोंडलेली असतात, आणि तीही आपल्याहून दुबळ्यालाच गाठतात.

टाळीऐवजी दुसरे काही मागण्याचा एक प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. कॅरिल चर्चिल या नाटककर्त्रीने २००९ साली गाझावर सुमारे दहा मिनिटांचे एक नाटक लिहिले आणि ते कोणालाही मानधनावाचून करण्याची मुभा दिली. अट एवढीच की प्रवेश विनामूल्य असावा आणि शेवटी पॅलेस्टिनी लोकांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी झोळी फिरवावी. ते नाटक यहुदी लोकांवर अन्याय करणारे आहे असा गंभीर आक्षेप त्या वेळी घेतला गेला. त्याचा ऊहापोह येथे करीत नाही. झोळीविषयी मात्र मला शंका आहे. खिशातले नाणे टाकणे ही टाळीहून उपयुक्त गोष्ट खरी, पण पावती मिळाली की ऋण फिटले असे मानणारे मनही आपलेच असते.

कोणी म्हणेल, हा जुनाच वाद झाला. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' यावर फडके आणि खांडेकर यांच्या काळात मराठीत पुरेशी शाई खर्ची पडली आहे. पण तो वाद लेखकाच्या कर्तव्याचा होता. लेखकाने बोध करावा की करू नये, याबद्दल दोन्ही पक्ष हिरिरीने बोलत. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे काही देणे लागते किंवा नाही, हे बहुधा कोणी विचारले नाही. एलकुंचवार बोध करीत नाहीत, बेकेट तर मुळीच नाही. बोध केला असता तर प्रेक्षक सुटला असता: पटला तर मान हलवून, न पटला तर नाक मुरडून.

आपल्याकडे एकांकिका जगली ती मुख्यतः स्पर्धांमुळे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक सुरू केला, आणि त्या आरोळ्यांत किती तरुण नट-लेखक घडले याची गणती नाही. त्या उपकाराबद्दल दुमत असू नये. परंतु स्पर्धेत प्रेक्षागृहातला प्रत्येकजण परीक्षक होतो. नेपथ्य, प्रकाशयोजना, वाचिक अभिनय अशी विभागणी करून तो मनात गुण देत बसतो. समोर कोणी प्राण सोडीत असता, 'पडणे जरा लवकर झाले' असे त्याला वाटते. हे ज्ञान आवश्यक आहे. पण ते आस्वादाचे साधन न राहता ढाल झाले, म्हणजे नाटकाचा एकही घाव लागत नाही.

अशा प्रयोगानंतर नटांनी वंदनासाठी पुन्हा रंगमंचावर येऊच नये, प्रेक्षकांना स्तब्धतेत घरी जाऊ द्यावे, असे काही रसिक सुचवितात. मला ते रुचत नाही. मघाशी ज्याची विटंबना झाली तो मुलगा आणि त्याची विटंबना करणारी मुले हातात हात घालून, घामाने निथळत, किंचित लाजत प्रकाशात उभी राहतात, तेव्हा त्यांच्यासाठी टाळी वाजविण्यास माझे हात आखडत नाहीत. ती टाळी त्या पोरांची आहे. एकांकिकेचे जे काही देणे आहे, ते त्या टाळीतून वजा होत नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे.