अंगावर येणारे शब्द

पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ मध्ये लबोर्न नावाचा रुग्ण पॉल ब्रोका या शल्यविशारदाच्या हाती आला. पाय सडलेला, वाचा बरीच वर्षं गेलेली. काहीही विचारलं तरी तोंडून ‘तां, तां’ एवढंच निघे. आपलं म्हणणं समोरच्याला कळत नाही म्हणून तो संतापला, की मात्र देवाच्या नावानं घातलेली एक शिवी लख्ख बाहेर पडे. काही दिवसांतच तो वारला. त्याचा मेंदू तपासून ब्रोकानं वाचेचं केंद्र जगाला दाखवलं आणि शिवीची गोष्ट मागे पडली. ती मागे पडायला नको होती. पुढे इंग्लंडच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन या मज्जाविकारतज्ज्ञानंही वाचा गेलेल्या रुग्णांत हेच पाहिलं. विचार करून वाक्य जुळवणं वेगळं आणि भावनेच्या भरात शब्द सुटणं वेगळं. पहिलं गेलं तरी दुसरं शाबूत राहू शकतं.

ऐकण्या-वाचण्यातही हा फरक दिसतो. पडद्यावरून शब्द झरझर सरकत असताना एक टिपला, की पाठोपाठचा दुसरा बहुधा नजरेतून सुटतो. तो दुसरा शब्द भयंकर असेल, तर मात्र तो सहसा सुटत नाही. अँडरसन आणि फेल्प्स यांनी २००१ मध्ये दाखवलं, की मेंदूच्या आत असलेल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाला डाव्या बाजूला इजा झालेल्यांत ही सवलत उरत नाही. शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक असतो, पण तो शब्द त्यांना खडबडून जागं करत नाही.

अर्थ कळणं आणि शब्द अंगावर येणं यांतलं हे अंतर दुसऱ्या भाषेत फार ठळक होतं. कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या, इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावले. भावना हलली की तळहाताला किंचित घाम येतो आणि त्वचेची विद्युतवाहकता वाढते. तीच मोजायची होती. लहानपणी ऐकलेली बोलणी, म्हणजे आपल्याकडच्या ‘लाज नाही वाटत?’च्या जातीची वाक्यं, तुर्कीत कानी पडली की नोंद उसळे. तीच इंग्रजीत ऐकवली की उसळी कितीतरी कमी. आईचा चढलेला आवाज, गालांवरची ऊब, कोपऱ्यात उभं राहणं हे सगळं त्या शब्दांसोबत शिकलं गेलं होतं. इंग्रजी शब्द वर्गात आणि पुस्तकात भेटले.

यावरून मातृभाषेचा जयजयकार करायचा मोह होईल. तो आवरलेला बरा. हॅरिस यांच्याच पुढच्या अभ्यासात, अमेरिकेत लहानपणापासून इंग्रजीत वाढलेल्या स्पॅनिशभाषक लोकांना दोन्ही भाषा सारख्याच भिडल्या. म्हणजे किमया भाषेच्या रक्तात नाही, ती शिकण्याच्या वयात आणि प्रसंगात आहे. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलाला इंग्रजी टोमणा मराठी टोमण्याइतकाच बोचत असेल, तर त्यात नवल नाही.

परक्या भाषेचा थंडपणा उपयोगीही पडतो. कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना विचारलं: पाच जणांना वाचवण्यासाठी एकाला पुलावरून ढकलाल का? मातृभाषेत सुमारे २० टक्के हो म्हणाले, परभाषेत सुमारे ३३ टक्के. हिशेब करायला मोकळीक मिळते, कारण कळवळा दूर राहतो. पण जिथे कळवळाच निर्णयाचा भाग आहे, तिथे हा थंडपणा घातक ठरतो.

आपल्या रुग्णालयांत हे रोज घडतं. ‘मॅलिग्नंट’, ‘पॅलिएटिव्ह’ हे शब्द ऐकून नातेवाईक मान डोलावतात. डॉक्टरांना वाटतं, त्यांना कळलं. काही वेळा अर्थ खरोखरच कळलेलाही असतो, पण तो पोटात उतरलेला नसतो, आणि सही मात्र होऊन जाते. जड बातमी सौम्य इंग्रजीत देण्यामागे दया असते, हे मान्य. तरी ती दया रुग्णाचा निर्णय घेण्याचा हक्क थोडासा काढून घेते, असं स्पष्ट म्हणायला हवं.

शब्द जवळून भिडला की माणूस कोलमडेल, ही भीतीही अर्धीच खरी आहे. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७च्या प्रयोगात रागीट आणि घाबरलेले चेहरे पाहणाऱ्यांनी त्या भावनेला नुसतं नाव दिलं, तेव्हा अमिग्डालाची धडपड कमी झाली आणि कपाळामागचा उजवा भाग कामाला लागला. भीतीला शब्द मिळाला तर मेंदू थोडा सावरतो. म्हणून डॉक्टरांनी सही घेण्याआधी एक करावं: समोरच्याला त्याच्या घरच्या भाषेत विचारावं, ‘आता काय होणार आहे, ते तुम्हीच मला सांगा’, आणि तो शब्द शोधत असेल तेवढा वेळ थांबावं.