वारा कोणत्या वायूचा?

एप्रिल उजाडला की तेलंगणातल्या भैंसा शहरातले कूलर घरघरू लागतात. 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या आणि आता निर्मलमध्ये गेलेल्या या कापूसबाजाराच्या गावात वाऱ्याचा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: वारा जितका जोरात, तितके विजेचे बिल मोठे. अणु-संलयन (फ्यूजन) भट्टीचा मोठा पेचही हाच आहे. बातम्यांत झळकतो तो दहा कोटी अंशांचा प्लाझ्मा. वीज मात्र भोवतालच्या भिंतीतून काढलेल्या उष्णतेतून मिळायची, आणि ती उष्णता आणणाऱ्या वायूची चर्चा फारच थोडी होते.

पहिला मान हेलियमचा. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूरहून सूर्यज्वाळांचा वर्णपट तपासला. त्यातली सोडियमची वाटलेली पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांच्या नावाने ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, पण त्यांनी ती रेषा पाहिली इंग्लंडमधून, ऑक्टोबरात.

हेलियम कशाशी संयोग पावत नाही, न्यूट्रॉन जवळजवळ गिळत नाही आणि तापल्या भिंतीवरून उष्णता झटकन उचलतो. खोट एकच, पण महागडी: घनफळामागे तो उष्णता फार थोडी वाहतो. म्हणून त्याला वातावरणाच्या सुमारे 80 पट दाबाखाली भरून जोरात फिरवावे लागते, आणि भट्टीने कमावलेल्या विजेतला वाटा ब्लोअर खातो.

मग त्यात दुसरे काही मिसळले तर?

तेवढ्याच दाबाचा कार्बन डायऑक्साइड घनफळामागे दुपटीहून अधिक उष्णता नेतो, पण भिंतीवरून ती उचलण्यात हेलियमच्या मागे पडतो. एकाची उचल आणि दुसऱ्याची वाहतूक जुळवण्याचा मोह म्हणूनच खरा आहे. मात्र ब्रिटनच्या मॅग्नॉक्स अणुभट्ट्यांचा अनुभव विसरता येत नाही. तिथे याच वायूत पोलादी बोल्ट गंजू लागले आणि 1960 च्या दशकाअखेरीस तापमान उतरवावे लागले. झेनॉन मिसळला तर गंजाची भीती नाही, कॉम्प्रेसरचे टप्पेही घटतात. पण तो दुर्मीळ आहे आणि न्यूट्रॉनही गिळतो. भिंत वर्षानुवर्षे टिकवायची असेल, तर थोडी जास्त वीज खाणारा शुद्ध हेलियमच आज अधिक भरवशाचा वाटतो.

फ्रान्समधल्या ईटर या संलयन प्रकल्पात मुख्य भाग पाण्यानेच थंड होणार आहेत. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने त्यासाठी आखलेल्या चाचणी-कप्प्यात मात्र प्लाझ्मासमोरच्या पहिल्या भिंतीसाठी हेलियम योजला आहे. अशा कप्प्यांत मिश्रणाला जागा आहे, पण वेगळ्या कामासाठी: लिथियमयुक्त खड्यांमधून फिरणाऱ्या हेलियममध्ये हजारात एक भाग हायड्रोजन घालतात. तो खड्यांत तयार होऊन त्यांना चिकटलेल्या ट्रिटियमची जागा घेतो, आणि सुटलेले ट्रिटियम इंधन म्हणून हाती लागते.