बरोबरी झाली असतां मान कोणाचा?

दोघे जण गुणांनीं अगदीं सारखे ठरले, तर मान दोघांस द्यावा, कीं आणखी बारीक मोजमाप काढून एकासच द्यावा? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्या घरांत दोन भाऊ आहेत व ज्या गांवांत दोन वस्त्या आहेत, तेथें तो वारंवार उभा राहतो. फुटबॉलच्या इतिहासांत ह्याविषयीं एक बोधप्रद उदाहरण आहे, तें प्रिय वाचकांपुढें ठेवितों.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड हे चार शेजारी देश. पूर्वीं त्यांचे खेळाचे नियम थोडेथोडे निराळे होते. सन १८८२ त चौघांचे प्रतिनिधि मँचेस्टर येथें एकत्र बसले व त्यांनीं सर्वांस एकच नियम ठरविले. पुढें १८८३-८४ च्या हंगामांत ह्या चार संघांची वार्षिक स्पर्धा सुरू झाली. प्रत्येकानें इतर तिघांशीं एकेक सामना खेळावा. जिंकल्यास दोन गुण, बरोबरी झाल्यास एक. पहिल्याच वर्षीं स्कॉटलंडनें तिन्ही सामने जिंकिले, तेव्हां वादास जागाच उरली नाहीं. परंतु गुण सारखे झाले तर विजेतेपद वांटून घ्यावें, अशी रीत होती. १८८६ त तें दोघांनीं वांटून घेतलें, १९०३ त तिघांनीं.

सन १९५६ त तर नवलच झालें. आयर्लंडच्या जागीं आतां उत्तर आयर्लंडचा संघ होता. चौघांपैकीं प्रत्येकानें एक सामना जिंकिला, एक हरला व एक बरोबरींत सोडिला. सर्वांस तीन तीन गुण, विजेतेपद चौघांचें! त्या वर्षीं केलेले व झालेले गोल मोजले असते, तर इंग्लंड एकटा पुढें ठरला असता. पण तसें मोजण्याचें आधीं ठरलें नव्हतें, म्हणून कोणी मोजलें नाहीं.

कोणी म्हणेल, “चौघे पहिले म्हणजे पहिला कोणीच नाहीं.” ह्या आक्षेपांत तथ्य आहे. जेथें खरोखर अंतर आहे, तेथें भिडेस्तव सर्वांस सारखें म्हणणें हें असत्य होय. १८८४ त स्कॉटलंडचा मान वांटला असता तर तो अन्यायच झाला असता. परंतु जेथें अंतर नाहीं, तेथें तें ओढूनताणून दाखविणें हेंहि असत्यच. मान म्हणजे भाकर नव्हे, कीं वांटल्यानें प्रत्येकाचा तुकडा लहान व्हावा.

पुढें सन १९७९ च्या सुमारास नियम बदलला व बरोबरी झाल्यास गोलांचें अंतर पाहण्याचें ठरलें. १९८४ त, स्पर्धेच्या शेवटल्या वर्षीं, पुन्हां तोच प्रकार घडला: प्रत्येकाचा एक जय, एक पराजय, एक बरोबरी. ह्या वेळीं मात्र एका गोलाच्या आघाडीनें उत्तर आयर्लंड एकटाच विजेता ठरला. हाहि निकाल न्याय्यच होता, कारण नियम खेळापूर्वीं सर्वांस ठाऊक होता. तरी विचार करा: गुण १९५६ सारखेच, फळ मात्र निराळें. बदललें होतें तें केवळ माप.

ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या. बारीक मापानें जो जिंकला त्यानें फुगूं नये, व जो मागें राहिला त्यानें स्वतःस हीन मानूं नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. माप आधीं सांगावें, आणि सांगितलें तें पाळावें. निकाल पाहिल्यावर, आपल्या आवडत्याकडे डोळा ठेवून जें नवें माप आपण शोधितों, त्यास आपण न्याय म्हणतों. पण त्याचें खरें नांव पक्षपात. बाप मुलांत, पंच गांवकऱ्यांत व शिक्षक विद्यार्थ्यांत हाच दोष करितो, आणि बहुधा त्यास तो कळतहि नाहीं. तराजूचा कांटा मध्यें उभा राहिला असतां पारड्यास बोट लावूं नये. दोन्हीं पारडीं सारखीं आहेत असें मोकळ्या मनानें सांगावें.